उजवीकडची साथ

१

पहाटेच्या दवात तानपुरा लावणं म्हणजे रुसलेल्या सासूला जेवायला बोलावणं. एक तार मनवावी तर दुसरी तोंड फिरवते. म्हणून बैठकीला मी सगळ्यांच्या आधी पोचायचे.

बैठक तळ्याकाठी, सुरूच्या झाडांखाली. जागा बागवाल्या ताईंची. त्यांची रोपवाटिका तळ्याला लागूनच आहे. रोपं विकणं हा त्यांचा धंदा आणि गाणं ऐकणं हे व्यसन. महिन्यातून एका रविवारी, उजाडता उजाडता, त्यांच्याकडे माझ्या मामाचं गाणं व्हायचं. माईक नाही, मंच नाही. तळ्यात थोडा शिरलेला एक दगडी ओटा होता, त्यावर आम्ही बसायचो, आणि समोर गवतावर मोजकी माणसं शाली पांघरून. ओट्याच्या उजव्या कडेखाली लगेच पाणी.

मामाला सगळे बुवा म्हणतात. मी मामाच म्हणते. आई लवकर गेली, तेव्हापासून मी मामा-मामीच्या घरातच वाढले. गळा मला नाही, पण तानपुरा बरा छेडते, म्हणून मामाच्या मागे डाव्या बाजूची जागा माझी. उजवीकडची, पाण्याच्या कडेची जागा मामीची. ती गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून तिच्या चटईवर बॅटरीवर चालणारी तानपुऱ्याची डबी ठेवतात. डबी बिचारी इमानदार. तिला दव बाधत नाही की रुसवा माहीत नाही.

त्या सकाळी मामा तोडी गात होता. विलंबित छान चाललं होतं. अंतरा उचलायच्या आधी तो क्षणभर थांबला, आणि त्या थांबण्यात माझ्या उजव्या कानाला कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

गाणारा माणूस तोंड उघडण्याआधी घेतो तसा श्वास. पोटापर्यंत, न घाबरता, पुढची अख्खी ओळ त्यात मावेल एवढा.

मग मामाने आपला श्वास घेतला आणि तो गायला.

२

मी पहिला संशय पेटीवर घेतला. पेटीवाले काका मामाच्या उजव्या हाताला बसतात, आणि त्यांची पेटी त्यांच्याइतकीच जुनी आहे.

चहाच्या वेळी मी त्यांना हळूच म्हटलं, "काका, भात्यातून हवा जातेय का हो?"

"कुणाच्या?" काका कप खाली ठेवत म्हणाले. "माझ्या पेटीला दमा नाही, पोरी. दमा मला आहे. आणि मी तो बैठकीला येताना घरी ठेवून येतो."

तरी त्यांनी पेटी उघडली, भाता दाबून बघितला, कान लावला. कुठे फटही नव्हती. पण माणूस मनाला लावून घेणारा. पुढच्या बैठकीला ते पेटी न घेताच आले, समोर गवतावर बसले आणि म्हणाले, "आज नुसतं ऐकतो. बघू तुझा भाता कुठे वाजतो ते."

त्या दिवशी ओट्यावर मामा, तबलजी, मी आणि डबी, एवढेच होतो. धुकं पाण्यावर बसलेलं होतं. वारा नव्हता, सुरूचं पान वाजत नव्हतं. मामा स्वर लावून थांबला, आणि माझ्या उजवीकडे, चटईच्या अंगाने, तो श्वास आला.

मी डोळे उघडे ठेवून ऐकत राहिले. प्रत्येक ओळीच्या आधी तो येत होता. मामाच्या जरासा आधी. मी स्वतःला कारणं पुरवत होते. पाणी दगडाच्या फटीत शिरतं आणि मागे ओढलं जातं, त्याचा आवाज असेल. बदक असेल. मी दवाखान्यात वाचा-उपचाराचं काम करते, ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. दिवसभर लोकांचे श्वासच ऐकत असते. चपला दुरुस्त करणाऱ्याला रस्त्यात फक्त चपलाच दिसतात, तसं माझं झालं असेल.

पण पाण्याला पुढची ओळ कुठे सुरू होणार ते ठाऊक नसतं.

गाणं संपल्यावर मी काकांकडे बघितलं. ते शाल घडी घालत होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"मी म्हातारा झालो," काका म्हणाले. "मला कमी ऐकू येतं." आणि पेटी दुरुस्तीला टाकली आहे, परत मिळायला वेळ लागेल, असं मी न विचारताच सांगून ते निघून गेले.

३

बागवाल्या ताईंना मात्र भीती वगैरे वाटली नव्हती. उलट त्या खूश होत्या. चटया गुंडाळायला मी मदत करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "बुवांनी नवीन शिष्या घेतलीये का गं?"

"नाही. का?"

"मागून कुणीतरी साथीला होतं ना. गात नव्हती, पण श्वास किती वेळेवर घेत होती! बुवांचा श्वास नेहमी उशिरा येतो, ओळीचं शेपूट तुटतं. रागावू नकोस हं, मी आपली झाडं लावणारी बाई. पण तिचा श्वास ऐकला आणि वाटलं, आता ओळ अख्खी येणार. आणि मग आले बुवा." त्या हसल्या. "कोण होती?"

मी चटईची दोरी बांधत होते. ती गाठ मला सुटेना आणि बसेनाही.

मामाचा श्वास उशिरा येतो, हे घरात मामी सोडून कुणाला कळलं नव्हतं. तीही बोलून दाखवायची नाही. मामी मामाच्या गुरूंची मुलगी. दोघं एकाच खोलीत, एकाच माणसाकडे शिकले. नंतर लग्न झालं आणि गाणं मामाच्या वाट्याला आलं, मामीच्या वाट्याला तानपुरा. मी लहानपणी बघायचे. मामा रियाजाला बसला की मामी मागे तानपुरा छेडत असायची, आणि प्रत्येक ओळीआधी तिचे खांदे किंचित उचलले जायचे. ती श्वास घ्यायची. तिच्या वडिलांनी शिकवला होता तिथे, तेवढाच. मग तो श्वास तसाच सोडून द्यायची, न गाता.

पुढे तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. असं ऑपरेशन झालं की नाकातोंडातून छातीकडे जाणारी वाट बंद होते. मानेखाली जी खळी असते तिथे एक भोक ठेवतात, आणि माणूस तिथून श्वास घेतो. भोकावर पातळ मलमलीचं फडकं बांधतात. श्वास आत जाताना ते फडकं खळीत ओढलं जातं, बाहेर येताना फुगतं. त्या श्वासाला नाकाचा घुमारा नसतो, ओठांचा ओलावा नसतो. एकदा ऐकला की विसरता येत नाही. माझ्या कामात मी तो रोज ऐकते.

आणि मामीचा तर वर्षानुवर्षं ऐकला होता. कारण आवाज गेल्यावरही ती उजवीकडे बसून तानपुरा छेडायची, आणि ओळीआधी श्वास घ्यायची.

"कुणी नव्हतं, ताई," मी म्हटलं. "डबी होती."

"डबी श्वास घेते?" ताई म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढचं काही बोलल्या नाहीत.

४

मामीचं ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केलं ते आमच्याच दवाखान्यात आहेत. मोठे सर्जन, पण स्वभावाने भित्रे. माझ्याशी बोलताना नेहमी घड्याळाकडे बघतात. त्या आठवड्यात कँटीनमध्ये मला दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून मी त्यांच्या समोर बसले. मला कसलीच चौकशी करायची नव्हती. मी एवढंच म्हटलं की मामीची फार आठवण येते हल्ली.

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तुम्ही तेव्हा शिकायला बाहेरगावी होता, नाही का?" ते म्हणाले. "मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल. मग वाटायचं, माहीत असतं तर तुम्ही माझ्याशी बोलला नसता."

"काय माहीत असेल?"

"गाठ लहान होती. किरणांचा उपचार चालला असता. आवाज थोडा खरखरीत झाला असता, पण राहिला असता. दोन्ही मार्ग मी तुमच्या मामांना सांगितले. मी म्हटलं, बाईंना बोलवा, त्यांच्याशी मी बोलतो. ते म्हणाले, तिला कशाला घाबरवता, मी सांगतो समजावून. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि सही करून गेल्या. मला वाटलं, विचार करून केली असेल."

आजूबाजूला ताटं आपटत होती.

"पुढे एकदा तपासणीला त्या एकट्या आल्या. पाटीवर लिहून बोलायच्या, तुम्हाला आठवत असेल. त्यांनी लिहिलं, दुसरा मार्ग होता का? मी काय करणार? हो म्हटलं. त्यांनी पाटी पुसली आणि माझ्याकडे बघून हसल्या." डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, पण वेळ बघितली नसावी. "रडल्या असत्या तर बरं झालं असतं."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती घरी परत आली, त्याला वाढत राहिली, त्याच्या तानपुऱ्याच्या तारा पुसत राहिली. आणि दर बैठकीला त्याच्या पाठीमागे बसून, त्याच्या मानेपासून हातभर अंतरावर, वेळेवर श्वास घेत राहिली.

५

मी त्याच संध्याकाळी मामाकडे गेले. तो गाण्याच्या खोलीत होता. लांबट खोली, एका भिंतीला तानपुरे निजवलेले, दुसऱ्या भिंतीला खिडकी, आणि खिडकीखाली मामीची चटई. ती अजून कुणी उचलली नव्हती. मामा तानपुऱ्याचा भोपळा फडक्याने पुसत होता.

"मामीला तू काय सांगितलं होतंस?" मी उभ्या उभ्याच विचारलं. "ऑपरेशनच्या आधी."

त्याचा हात थांबला नाही. "डॉक्टर बोललेला दिसतोय."

"दोन मार्ग होते."

"होते ना. एकात धोका होता."

"आणि आवाज होता."

"जीव महत्त्वाचा की आवाज?" तो म्हणाला. "जीव वाचवला मी तिचा. पुढची वर्षं तिला मिळाली ती माझ्यामुळे. हे कुणी बोलत नाही."

"तिला विचारलं असतंस तर सांगायला तोंड होतं ना तेव्हा? तेव्हा तरी होतं."

आता त्याने फडकं खाली ठेवलं. मला वाटलं चिडेल, पण तो अगदी घरगुती आवाजात बोलला, एखाद्याला हिशोब समजावून द्यावा तसा.

"तू लहान होतीस. त्याच ओट्यावर एकदा तिनं मागून एक ओळ गायली. साथ म्हणून, माझा श्वास तुटला म्हणून. एकच ओळ. समोरच्या माणसांचे डोळे माझ्यावरून तिच्यावर गेले ते मी बघितलं. नंतर ते परत माझ्यावर आले, पण आलेले डोळे वेगळे होते. पुढे मी कितीही चांगलं गायलो तरी ते तसेच राहिले. तिला गाऊ नकोस म्हणून मी कधी सांगितलं नाही. पण घरात ती आहे, तिचा गळा आहे, हे झोपेतही माहीत असायचं. आजार मी आणला नव्हता, बाळ. तो घरी चालून आला. एका घरात दोन आवाज नांदत नाहीत."

त्याने पुन्हा फडकं उचललं. "आणि आता बोलायला आलीच आहेस तर ऐक. बैठकीत तू मागे बसून फुसफुसतेस. माझ्या आधी श्वास घेतेस. लक्ष जातं माझं. तानपुरा छेडायला एवढा श्वास कशाला लागतो?"

"मी नाही ते."

"मग कोण? डबी?"

खोलीत कुठलाच तानपुरा वाजत नव्हता, पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती.

खिडकीखालून, चटईच्या उंचीवरून, श्वास आला.

आम्ही दोघांनी ऐकला. मामाची नजर माझ्यावर होती. मी तोंड घट्ट मिटून, श्वास रोखून उभी होते, आणि ते त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने चटईकडे बघितलं नाही. माणूस ज्या दिशेला बघायचं टाळतो, ती दिशा त्याच्या मानेवरून कळते. त्याची मान आखडली, कानामागची शीर वर आली, आणि हातातलं फडकं भोपळ्यावर एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं.

"पुढच्या बैठकीला मी तिच्या वडिलांची चीज गाणार," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, खोलीत माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी ऐकू जावं असं. "बघू."

६

त्या रविवारी मी जायला नको होतं, असं मला पुढे काही लोकांनी सुचवलं. ज्या माणसाने मामीला मुकं केलं त्याच्या मागे बसून सूर कसा धरलास? मी त्यांना सांगते, मामा म्हातारा आहे, त्याला दुसरं कोण होतं. हे खोटं आहे. मला तिथे असायचंच होतं. मला भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ऊबदार, आणि ते मी तिथे जाईपर्यंत जपून नेलं.

धुकं इतकं होतं की तळ्याचा पलीकडचा काठ नव्हताच. ताई, तबलजी, नेहमीची माणसं. काका आले नाहीत. मामाने गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला होता. डबी सुरू करून त्याने स्वतःच ती उजवीकडच्या चटईवर ठेवली. ठेवली म्हणजे लांबून सरकवली.

त्याने चीज उचलली. मामीच्या वडिलांनी बांधलेली, संथ, लांब लांब ओळींची. ती गायची तर श्वास आधी नीट घ्यावा लागतो, नाहीतर ओळीच्या मध्येच माणूस उघडा पडतो. पहिली ओळ बरी गेली. समोर कुणीतरी मान हलवली.

दुसऱ्या ओळीआधी उजवीकडून श्वास आला, आणि यावेळी तो थांबला नाही. संपेचना. आत, आत, अजून आत. कुणीतरी फार दिवसांचं राहिलेलं भरून घेत असावं तसा. मामाने तोंड उघडलं. त्याची छाती वर आली आणि तशीच राहिली. ओळ अर्ध्यात तुटली.

त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच. आता ओळ आणखी आखूड. तबलजी गोंधळून समेची वाट बघत ठेका धरून राहिला. मामा एक शब्द गायचा आणि हवा शोधायचा, अर्धा शब्द गायचा आणि शोधायचा, आणि दर वेळी हवा त्याच्या आधी कुणीतरी घेतलेली असायची. मग नुसता स्वर उरला, मग स्वराचा खरखराट, मग उघडं तोंड.

तो माझ्याकडे वळला. मी त्याचा चेहरा एवढ्या जवळून फार वर्षांनी बघितला. मफलर मानेच्या खळीपाशी आत ओढला जात होता. मग फुगत होता. आत, बाहेर. जाड लोकरीचा मफलर, आणि त्याखाली बोट जाईल एवढी जागा श्वास घेत होती.

त्याने हात वर करून मला खूण केली. तानपुरा थांबव.

साधी खूण होती. मी थांबवला असता तर बैठक मोडली असती, लोक उठले असते, कुणी पाणी आणलं असतं. काय झालं असतं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझी बोटं थांबली नाहीत. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. मी तारा छेडत राहिले. मी त्याच्या डोळ्यांत बघून छेडत राहिले.

तेव्हा मला उजवीकडे पाण्यात दिसलं. धुक्याला ओट्याजवळ एक खिडकी पडली होती आणि तेवढ्या पाण्यात आमची उलटी सावली होती. मामा होता. मी होते. आणि पाण्याच्या कडेला, आम्हा दोघांपेक्षा जवळ, तिसरं कुणीतरी ताठ बसलं होतं. गळ्याशी पांढरं काहीतरी होतं. ते हलत नव्हतं. वर तोंड मात्र होतं, आणि ते गाणाऱ्याचं असतं तसं, पूर्ण उघडलेलं.

मी मान वळवली नाही. ओट्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, आणि कुणी विचारलं तर मी तेच सांगते.

बागवाल्या ताई उठून धावल्या तेव्हा मामा आडवा झाला होता. मफलर सोडवला. गळा कोरडा, स्वच्छ. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

७

दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतू छान, हालचाल छान, गाठ नाही, सूज नाही. "तरुण गायकाचा गळा आहे," ते मला बाहेर येऊन म्हणाले, आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच माझ्याकडे सरळ बघितलं. "मग आवाज का येत नाही?"

कुजबुजसुद्धा येत नाही. खोकला येतो, तोही बिनआवाजी. मनाचा धक्का, असं कागदावर लिहिलं गेलं, आणि अशा रुग्णाला ज्या विभागात पाठवतात तिथे त्याला पाठवलं. तो विभाग म्हणजे मी.

मामा दवाखान्यात यायला तयार नव्हता, म्हणून मी घरी जाऊ लागले. दुपारी, माझं काम आटपल्यावर. शेजारच्या बाई म्हणायच्या, "भाची असावी तर अशी. सख्खी मुलगी नाही करत एवढं." मी हसून आत जायचे.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. तो खुर्चीत बसून राहायचा, मी त्याच्या पाठीवर हात ठेवून छातीची हालचाल बघायचे. श्वास फार उथळ होता. चोरून घेत असल्यासारखा, अगदी जगण्यापुरता. मी विचारायचे, दुखतं का, भीती वाटते का. तो मान हलवायचा आणि दाराकडे बघायचा. गाण्याच्या खोलीचं दार. ते त्याने बाहेरून कडी लावून, वर टेबल सरकवून बंद केलं होतं.

एका दुपारी मला कंटाळा आला. मी त्याच्या समोर बसले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "मामा, असं चालणार नाही. पोटातून घे. गाण्याआधी घेतोस तसा. एकदाच."

त्याने जोराने मान हलवली. नाही.

"मी आहे ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. थकला होता, सवय जुनी होती, आणि कदाचित हवाही कमी पडत असेल. त्याची छाती उघडली. पोट भरलं. नीट, खोल, गाणाऱ्याचा श्वास आत गेला.

आणि बंद दारामागे षड्ज लागला.

बाईचा आवाज. कुठेही खरखर नाही. तो आवाज मी लहानपणी कधीतरी ऐकला असणार, कारण माझ्या अंगावरचा केस न् केस त्याला ओळखून उभा राहिला. स्वर सरळ आला, स्थिर झाला, आणि त्यातून तिच्या वडिलांच्या चिजेची पहिली ओळ हळूच बाहेर पडू लागली.

मामाने श्वास रोखला. ओळ जिथे होती तिथेच तुटली.

आता मला कळलं तो इतके दिवस काय करत होता. तो चोर नव्हता, पहारेकरी होता. त्याने ओठ आवळले, गाल फुगवले, एक हात नाकावर दाबला, आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तो मान हलवून काहीतरी मागत होता. दार उघडून बघ, असं असेल. इथून मला ने, असं असेल. किंवा फक्त माफ कर.

घर शांत होतं. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. त्याचा चेहरा लाल झाला, मग लालाचा जांभळा होऊ लागला. मी त्याची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली आणि त्याचा नाकावरचा हात खाली घेतला. प्रेमाने घेतला; दुखू दिलं नाही.

"किती वेळ रोखशील, मामा?" मी म्हटलं. "ती थांबलीये. ओळ अर्धी राहिलीये तिची."

मग मी त्याची खुर्ची दाराकडे वळवली, समोर गवतावर बसतात तशी मांडी घालून जमिनीवर बसले, आणि डोळे मिटून वाट बघू लागले.

शेवटी त्याने श्वास घेतला.